हास्याचे प्रतिक्रमण

पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावर कापडाचे दुकान असलेल्या एका जैन कुटुंबात रविवारी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने आजोबांसाठी चार्ली चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ लावला. आजोबांनी चॅप्लिनचे मूकपट तरुणपणी पाहिले होते. हा बोलपट मात्र पाहावयाचा राहून गेला होता.

चित्रपट १९४० सालचा. युरोपात महायुद्ध पेटलेले होते, अमेरिका अद्याप त्यात उतरली नव्हती. चॅप्लिन आणि हिटलर दोघेही १८८९ च्या एप्रिलमध्ये, अवघ्या चार दिवसांच्या अंतराने जन्मलेले, मिशीही सारखीच. चॅप्लिनने येथे दोन भूमिका केल्या आहेत : हुकूमशहा हिंकेल आणि त्याच्यासारखाच दिसणारा एक गरीब ज्यू न्हावी.

हिंकेल पृथ्वीगोलाचा फुगा घेऊन नाचतो आणि तो फुगा त्याच्याच हातात फुटतो, तेव्हा आजोबा खळखळून हसले. सत्तेच्या लोभाची इतकी नेमकी फजिती त्यांनी क्वचितच पाहिली होती.

पुढे न्हावी अनेक वर्षांनी रुग्णालयातून आपल्या दुकानी परततो. शिपायांनी काचेवर ‘ज्यू’ असे रंगवलेले असते आणि तो भाबडेपणाने ते पुसू लागतो. त्यातून उडणारी झटापट विनोदी आहे. नातू हसला, आजोबा हसले नाहीत. पन्नास वर्षे रोज सकाळी दुकानाच्या उंबरठ्याला नमस्कार करूनच आत पाऊल ठेवणाऱ्या त्या गृहस्थांना केवळ ती काच दिसत होती. पुढे ते दुकान जाळलेही जाते. छळछावणीतले प्रसंगसुद्धा हसवतात, हे पाहून ते अधिकच अस्वस्थ झाले.

“आजोबा, चित्रपट आवडला नाही का?” नातवाने विचारले.

“आवडला रे. पण काही ठिकाणी आपण हसायला नको होते, असे वाटले.”

जैन कर्मसिद्धांतात हास्याची गणना नोकषायांत होते. सत्यव्रताच्या पाच भावनांत क्रोध, लोभ आणि भय यांच्यासोबत हास्याचाही त्याग ‘तत्त्वार्थसूत्रा’त सांगितला आहे, कारण हसण्याच्या भरात सत्य निसटते. मात्र हिंकेलचा फुगा फुटतो तेव्हा सत्य निसटत नाही, उलट उघडे पडते. अहंकाराला हसणे आणि पीडिताच्या दुःखावर हसू पांघरणे, यांतील अंतर फार बारीक असते. एकाच चित्रपटात दोन्ही असू शकतात आणि म्हणूनच त्याच्याविषयी एकच एक मत देता येत नाही.

नातवाने मग सांगितले, की ही बोच खुद्द चॅप्लिनलाही लागली होती. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने मान्य केले, की जर्मन छळछावण्यांतील खऱ्या भीषणतेची कल्पना असती, तर आपण हा चित्रपट करू शकलो नसतो.

आजोबा काही वेळ स्तब्ध राहिले. जगाने डोक्यावर घेतलेल्या कृतीविषयी एवढे कबूल करणे सोपे नसते. आपल्या व्यवहारात तरी यशस्वी ठरलेल्या सौद्यातील दोष कोण शोधतो?

“त्याने हे लिहून ठेवले, हे फार बरे केले,” ते म्हणाले आणि आसन घेऊन उठले. त्या रात्री प्रतिक्रमणाला थोडा उशीर झाला. पण ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणताना त्यांनी त्यात आपले एक हसणेही मिळवले.