५२ ऑगस्टला जन्मलेली मुलगी

इटलीत राहायचं तर आधी पिझ्झा नाही, आधी नंबर! बोलोन्याच्या कमानींखाली सोळा अक्षरांमागे केलेल्या धावपळीची गोष्ट.

"कोदिचे फिस्काले?"

बोलोन्यात उतरून मला जेमतेम चार तास झाले होते आणि हा प्रश्न तिसऱ्यांदा कानावर येत होता. पहिल्यांदा विचारला मोबाइलच्या दुकानातल्या पोराने. सिमकार्ड पाहिजे? मग कोदिचे फिस्काले. दुसऱ्यांदा घरमालकीणबाईंनी. खोलीचा करार करायचाय? कोदिचे फिस्काले. तिसऱ्यांदा औषधाच्या दुकानात. अहो, मला फक्त डोकेदुखीची गोळी हवी होती! (तिथे तो करसवलतीसाठी विचारतात, नाही दिला तरी गोळी मिळते, हे नंतर कळलं. तोवर डोकं आणखी ठणकायला लागलं होतं.)

तर कोदिचे फिस्काले म्हणजे इटलीचा कर-क्रमांक. आपलं पॅन समजा. पण पॅन आपल्याला वर्षातून दोन-चारदा आठवतं, हा नंबर तिथे उठता-बसता लागतो. घरभाडं, बँक खातं, नोकरी, दवाखाना, सगळीकडे आधी हाच. नुकत्याच जन्मलेल्या बाळालासुद्धा तो मिळतो.

मी गेले २०२४च्या सप्टेंबरमध्ये, एक वर्षाच्या कोर्ससाठी. मास कॉम केलं, पाच-सहा वर्षं डेडलाइनच्या मागे पळाले आणि एक दिवस वाटलं, बास, आता परत थोडं शिकूया. पासपोर्टवर व्हिसा चिकटला तेव्हा वाटलं, जिंकलं! पण व्हिसा म्हणजे नुसतं आत शिरायचं तिकीट. राहायचं असेल तर पोहोचल्यापासून आठ कामाच्या दिवसांत 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो'साठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज टाकावा लागतो. आणि त्या अर्जात एक रकाना होता. कसला, ते तुम्ही ओळखलंच असेल.

छत्रीची गरज नसलेलं शहर

नंबराच्या मागे फिरण्यासाठी बोलोन्यासारखं गाव नाही. इथे रस्त्याच्या कडेला फुटपाथ नसतात, कमानी असतात. घरांचे वरचे मजले पुढे आलेले आणि खाली खांबांची रांग, त्यातून आपण चालायचं. जुन्या शहरातच अशा सुमारे ३८ किलोमीटरच्या कमानी आहेत. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. धो धो पाऊस पडला तरी तुम्ही कोरडे. पुण्यात पावसाळ्यात रेनकोट अंगात घालेपर्यंत भिजणाऱ्या माझ्यासारखीला ही चैनच!

या शहराची तीन टोपणनावं आहेत. विदुषी, जाडी आणि लाल. विदुषी, कारण इथलं विद्यापीठ १०८८ सालापासूनचं मानलं जातं. जाडी, कारण इथलं खाणं. आणि लाल, कारण विटा आणि छपरं लाल, राजकारणही बरीच वर्षं लाल. चौकाच्या जवळ दोन मनोरे आहेत. उंच असिनेल्ली ९७ मीटरचा. शेजारचा बुटका गारिसेंदा इतका कललाय की २०२३च्या ऑक्टोबरपासून त्याच्याभोवती बंदोबस्त लागला. मी गेले तेव्हा त्याला आधार देण्याची खटपट चालू होती. मलाही तेव्हा कुणीतरी आधार द्यायची गरज होती, असो.

सोळा अक्षरांची पत्रिका

आपल्या आधारचे बारा आकडे तुमच्याबद्दल काहीच सांगत नाहीत. नाव, गाव, वय काही नाही. इटलीचा नंबर मात्र चक्क पत्रिका आहे! जोशीबुवा विचारतात तेच विचारतो. नाव काय, जन्मतारीख काय, जन्मस्थळ काय.

गंमत म्हणजे दोघांची तारीख एकच. इटलीत कोदिचे फिस्कालेचा कायदा आला २९ सप्टेंबर १९७३चा. आणि आपला पहिला आधार क्रमांक दिला गेला २९ सप्टेंबर २०१०ला, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत.

गणित सोपं आहे. आडनावातली पहिली तीन इंग्रजी व्यंजनं घ्यायची. साठे, म्हणजे एस-टी-एच. मग नाव. त्यात चार किंवा जास्त व्यंजनं असतील तर पहिलं, तिसरं आणि चौथं. कमी पडली तर स्वर उसना घ्यायचा. रेवा, म्हणजे आर-व्ही आणि उसना ई. मग जन्मवर्ष, ९६. मग महिन्याचं अक्षर. ऑगस्टला एम. मग तारीख, आणि इथे खरी मजा. पुरुषांची तारीख आहे तशी, बायकांच्या तारखेत ४० मिळवायचे! माझा जन्म १२ ऑगस्टचा. म्हणजे इटलीच्या दफ्तरी मी ५२ ऑगस्टला जन्मले.

त्यानंतर जन्मस्थळ. इटलीतल्या प्रत्येक गावाला स्वतःचा कोड आहे. बोलोन्यात जन्मलेल्याला ए९४४. बाहेर जन्मलेल्यांना गावच नाही, फक्त देश, आणि सुरुवातीला झेड. भारत झेड२२२. पुणे असो की पंढरपूर, सगळे एका रांगेत. उद्या इटलीचं नागरिकत्व मिळालं तरी हा झेड पुसला जात नाही, कारण जन्म काही बदलत नाही. सर्वांत शेवटी तपासणीचं एक अक्षर.

हे सगळं मला इंटरनेटवर वाचून कळलं आणि अंगात शहाणपणा संचारला. नंबर काढायला ऑफिसात कशाला जायचं? मीच काढते की! पाच मिनिटांत हिशेब जमला. घरमालकीणबाईंना कराराच्या मसुद्यासाठी पाठवून दिला. पोस्टातून परवान्याच्या अर्जाचा लिफाफा आणला (तो फुकट मिळतो) आणि काळ्या शाईने, एका चौकटीत एक अक्षर, असा सुबक भरून टाकला. अगदी चौथीच्या स्कॉलरशिपच्या पेपरसारखा.

सहावा दिवस

मैत्रीण म्हणाली, "वेडी आहेस का? हिशेब कुणीही करेल. ऑफिसने दिलेला नंबरच खरा." झालं! सहाव्या दिवशी सकाळी मी 'आजेंत्सिया देल्ले एन्त्राते', म्हणजे तिथल्या कर खात्याच्या ऑफिसात हजर. मशीनमधून टोकन घ्यायचं, खुर्चीत बसायचं, भिंतीवरच्या आकड्याकडे बघायचं. हातात अर्ज, पासपोर्ट, व्हिसा आणि झेरॉक्सचा गठ्ठा. शेजारी एक सेनेगलचा पोरगा, पलीकडे बाळाला घेऊन एक चिनी जोडपं. कुणालाच कुणाची भाषा येत नव्हती, पण टोकन पुढे सरकलं की सगळे एकदम मान वर करत होतो.

काउंटरवर चष्मा साखळीला अडकवलेल्या काकू होत्या. पासपोर्ट बघितला, टाइप केलं, प्रिंट काढली. एकूण सात मिनिटं. पैसे शून्य. मी कागद हातात घेतला आणि पोटात गोळा आला.

एस-टी-एच. आर-एम-डी.

आर-एम-डी? पुण्याच्या माणसाला हे वाचून सगळ्यात आधी काय आठवतं ते मी इथे लिहीत नाही. पण माझ्या नावात एम आणि डी आले कुठून? आणि माझा व्ही कुठे गेला? मी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हटलं, "चुकलंय. माझं नाव रेवा."

काकूंनी चिडचिड न करता पासपोर्ट माझ्याकडे वळवला आणि 'गिव्हन नेम'च्या ओळीवर पेन ठेवलं. तिथे लिहिलं होतं, रेवा मधुकर.

"ते माझ्या बाबांचं नाव आहे," मी म्हटलं.

"पासपोर्टमध्ये इथे लिहिलंय," काकू म्हणाल्या. "म्हणजे ते तुझंच नाव."

इटलीत दोनच रकाने. नाव आणि आडनाव. मधलं नाव ही भानगडच नाही. त्यामुळे रेवा आणि मधुकर जोडून व्यंजनं मोजली गेली. आर, व्ही, एम, डी... पहिलं, तिसरं, चौथं. व्ही गळला. नावाच्या तीन अक्षरांतलं एक माझं, दोन बाबांची.

पूर्ण नाव लिही

बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. जन्मभर लोकांचे अर्ज तपासले. कुणी नुसतं नाव-आडनाव लिहून आणलं की कागद परत करायचे. "पूर्ण नाव लिहा. अर्धं नाव म्हणजे अर्धं काम." माझ्या पासपोर्टचा ऑनलाइन फॉर्म भरतानाही खुर्ची टाकून शेजारी बसले होते. मी फक्त 'रेवा' टाइप केलं. लेख याच नावाने छापून येतात, मधे बापाचं नाव कशाला, वगैरे माझं लेक्चर झालं. ते म्हणाले, "लेखाला चालेल. सरकारी कागदाला पूर्ण नाव लिही." मी तोंड वाकडं करून लिहिलं आणि मनात ठरवून टाकलं, पुढच्या वेळी पासपोर्ट काढताना हे काढून टाकायचं.

बाबा २०२१मध्ये गेले.

ऑफिसच्या बाहेर येऊन मी कमानीखाली तो कागद हातात धरून उभी राहिले. करार परत करायचा होता, अर्ज परत भरायचा होता, हातात दोन दिवस. खरं तर जाम टेन्शन यायला हवं होतं. पण मला एकदम हसू फुटलं, आणि मग रडू. बाजूने जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो हो, नंबर मिळाला.

मग पोस्टातून नवा लिफाफा. 'टी'ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानातून १६ युरोचा स्टॅम्प (तंबाखूच्या दुकानात सरकारी स्टॅम्प!). रात्री नवा अर्ज. या वेळी प्रत्येक चौकट पासपोर्टशी दोनदा ताडून. घरमालकीणबाईंनी नवा करार काढून दिला, वर कॉफी पाजली. सातव्या दिवशी लिफाफा उघडाच पोस्टाच्या काउंटरवर दिला (बंद करायचा नसतो, ते आतले कागद बघतात) आणि पावती मिळाली. आता कार्ड येईपर्यंत ही पावतीच माझी ओळख.

त्या संध्याकाळी मी सान लुकाला निघाले. शहराच्या वेशीपासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत ६६६ कमानींची एक सलग वाट जाते, जवळजवळ चार किलोमीटर. पर्वतीच्या पायऱ्या चढायची सवय असली तरी शेवटचा चढ घाम काढतो. अर्ध्या वाटेत थांबून आईला फोन लावला, सगळी हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यांना कळलं असतं तर अख्ख्या कचेरीला पेढे वाटले असते." आणि लगेच, "पण काय गं, माझं नाव कुठाय त्यात?"

मी म्हटलं, आई, तू थोडी लवकर आई झालीस. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं. मी तेव्हा जन्मले असते आणि पासपोर्टवरही तसंच उतरलं असतं, तर रेवा सुनंदा मधुकर. व्यंजनं मोज. आर-एस-एन.

"म्हणजे बाबा कटाप?"

"पूर्ण कटाप."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "नको, राहू दे आहे तेच. जेवलीस का?"

अजून निम्म्या कमानी बाकी होत्या. मी म्हटलं, वर जाऊन येते आणि मग जेवते.

जाताय? मग एवढं करा!

• कोदिचे फिस्काले फुकट मिळतो. भारतात असतानाच इटलीच्या वकिलातीमार्फतही मागता येतो.
• वेबसाइटवर काढलेला नंबर हा फक्त हिशेब. कर खात्याने दिलेलाच ग्राह्य.
• पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये जे आहे, तेच सगळीकडे लिहा. मधल्या नावासकट!
• आठ कामाचे दिवस पोहोचल्यापासून मोजतात. शेवटच्या दिवसावर ढकलू नका.
• परवान्याच्या पावतीची झेरॉक्स काढून ठेवा, मूळ पावती जिवापाड जपा.
• बोलोन्यात 'स्पॅगेटी बोलोनेज' मागू नका, हसतील. ताग्लियातेल्ले मागा. शाकाहारी असाल तर चीज भरलेले तोर्तेल्लोनी.
• सान लुकाला संध्याकाळी चढा. पाण्याची बाटली आणि घरच्यांशी बोलायला फोनमध्ये बॅलन्स, दोन्ही हवंच.