पडवीतली तात्पुरती जमीन

30 मे
वाळवीचं औषध मारायला पुढच्या पडवीचा कोबा फोडला. खड्डा चिऱ्याचे तुकडे आणि माती टाकून भरला. लादीचं विचारलं तर गवंड्याने हात झटकले. "भराव कच्चा आहे. एक पावसाळा बसू दे त्याला. आता लादी लावलीत तर गणपतीत पोकळ वाजेल." म्हणजे दिवाळीपर्यंत पायरीपासून उंबऱ्यापर्यंत उघडी माती, आणि मृग तोंडावर. ही लाल माती पायाला चिकटली की थेट माजघर गाठते.

2 जून
आई म्हणते, चोपून सारवून टाकू. उन्हाळ्यात मीही तेच केलं असतं. पावसात सारवण वाळत नाही, पागोळ्यांचे शिंतोडे बसले की पोपडे सुटतात. ताडपत्रीचं नावच नको. ओली ताडपत्री आणि आईची काठी!

4 जून
चिपळूणला दुकानदाराने व्हिनाइलचा रोल उलगडून दाखवला. लाकडाची नक्षी, कात्रीने कापा नि अंथरा. भाड्याच्या फ्लॅटात, कोरड्या फरशीवर उत्तम. पण ओल्या मातीवर टाकलं तर खालची ओल कोंडते, बुरशी धरते, कुबट वास सुटतो. एकमेकींत अडकवायच्या भोकाभोकांच्या प्लॅस्टिक लाद्याही पाहिल्या. त्यांतून पाणी निथळतं, पण खाली टणक तळ हवा. मऊ मातीवर पाय पडला की चिखल भोकांतून वर.

6 जून
जुन्या न्हाणीघरातल्या शहाबादी फरश्या मागीलदारी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्याच घ्यायचं ठरलं. सिमेंट नाही, दोनेक इंच क्रशरची कच, वरून फरशी. खाडीची रेती फुकट मिळत होती, पण मिठाने दगडाला पांढरं फुटतं. उतार अंगणाकडे दिला. खडबडीत बाजू वर ठेवली, गुळगुळीत बाजूवर ओला पाय ठरत नाही. एक फरशी सारखी डुगडुगत होती. उचलली, एका कोपऱ्याखाली चिमूटभर कच सारली, पुन्हा टेकवली, आणि वर उभं राहून दोन्ही पायांनी झुललो. गप्प बसली. काठीचं टोक अडकू नये म्हणून सांधेही कचेनेच भरले.

19 जून
रात्रभर कोसळला. पडवीत तळं नाही. उंबऱ्याशी काथ्याचं पायपुसणं टाकलंय, मागे रबर नसलेलं, मुद्दाम. रबराच्या पाठीखाली पाणी साचून राहतं; नुसता काथ्या खांबाला टांगला की निथळतो. शेजारच्या काकूंनी गोणपाट दिलं होतं. ते दुपारपर्यंत जड होऊन वास मारायला लागलं.

11 ऑगस्ट
खांबाजवळ भराव खचला, दोन फरश्या कलल्या. उचलून खाली कच भरली, चहा निवायच्या आत काम उरकलं. सिमेंटात बसवलेली लादी असती तर फोडावी लागली असती.

2 सप्टेंबर
आई आता लादीच नको म्हणते. या फरश्यांवर रांगोळी छान उठते, हा तिचा मुद्दा. माझं मत लादीचंच आहे; सांध्यांतून गवत यायला लागलंय आणि ते रोज उपटायचं काम माझ्याकडे आहे. गवंडी फोन उचलत नाही, तेव्हा तूर्त आईचंच खरं.