गोंयचो सायब आणि त्याची पत्रं

पणजीहून जुन्या गोव्याला जायचं तर हमरस्त्यापेक्षा रायबंदरची वाट बरी. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात घातलेल्या बांधावरून ती जाते; डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं. पुढे गिलावा नसलेलं, जांभ्या दगडाचं बॉम जीझस चर्च लागतं. 1605 सालचं.

आत उजव्या अंगाला संगमरवरी स्मारक आहे. टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमोची ही भेट फ्लॉरेन्सहून आली आणि 1698 मध्ये इथे उभी राहिली. वर गोव्यातल्याच कारागिरांनी घडवलेली चांदीची पेटी, आणि तीत सेंट फ्रान्सिस झेवियर, गोवेकरांचा ‘गोंयचो सायब’. साधारण दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन भरतं, तेव्हाच पेटी खाली येते. देह अविनाशी, असं भाविक म्हणतात. पण तो सुकलेला आहे, आणि उजवा हात 1614 मध्येच कापून रोमला पाठवला गेला.

गर्दीतला एक गाईड रंगात आला होता. वादळात सायबाचा क्रूस समुद्रात पडला, तो खेकड्याने नांगीत धरून किनाऱ्यावर आणून दिला. शिवाय सायब जाईल तिथल्या भाषेत सहज बोलायचा! खेकडा झेवियरच्या पत्रांत कुठेच नाही. तो त्याच्या मृत्यूनंतर, संतपदासाठी गोळा केलेल्या साक्षींतून पुढे आला. भाषांच्या चमत्काराला तर ही पत्रंच आडवी येतात.

1542 मध्ये गोव्यात उतरलेला झेवियर लवकरच तमिळ किनाऱ्यावरच्या परवर कोळ्यांत गेला. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांना बसवून त्याने प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या, पाठ केल्या आणि घंटा वाजवत माणसं जमवली. 1544 च्या पत्रात हे त्यानेच लिहिलं आहे. 1549 मध्ये जपानहून तो कळवतो, की लोक आमच्याविषयी बोलत असतात आणि आम्ही मात्र पुतळ्यांसारखे गप्प. लहान मुलांसारखं शिकणं चालू आहे.

याच्या उलट टोकाची दंतकथाही ऐकू येते: गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायासन, त्यानेच चालवलं. त्याची मागणी त्याने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाकडे केली, हे खरं. पण 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर तो वारला आणि ते न्यायासन गोव्यात बसलं 1560 मध्ये. मागणीचं उत्तरदायित्व त्याच्याकडे जातं, कारभाराचं नाही.

एका कथेतल्या सायबाला सगळ्या भाषा फुकट मिळाल्या, दुसरीतल्याच्या माथी मरणानंतरचीही पापं आली. पत्रांतला झेवियर दुभाषे शोधतो, घोकंपट्टी करतो आणि राजाला कठोर सल्लाही देतो. मला हा पत्रांतलाच भावतो, कारण त्याच्या कष्टांचं श्रेय त्याला देता येतं आणि त्या सल्ल्याचा जाबही विचारता येतो.