मनगटावरचे सोने

पन्नाशी ओलांडल्यावर मी पहिले सोन्याचे घड्याळ घेतले. ते १८ कॅरेटचे आहे; म्हणजे २४ भागांपैकी १८ भाग सोने, उरलेले इतर धातू. शुद्ध सोने मऊ असते. मिश्रणाने त्याला कणखरपणा येतो.

ते मनगटावर बांधताना मला एक क्रियापद आठवते. अडचणीत दागिना ‘विकला’ असे आपण सहसा म्हणत नाही. तो ‘मोडला’ असे म्हणतो. माझ्या शिक्षणासाठी आईने पाटल्या मोडल्या होत्या. ‘विकणे’ या क्रियापदात केवळ व्यवहार आहे. ‘मोडणे’ या क्रियापदात घडवलेली वस्तू नाहीशी झाल्याची जाणीव आहे. म्हणून हे सोने मला मिरवता येत नाही आणि पेटीत ठेवणेही पटत नाही. मी त्याला रोज सकाळी किल्ली देतो आणि वर्गावर जातो.

‘घड्याळ’ हा शब्द ‘घटी’शी, म्हणजेच घटिकेशी, नाते सांगतो. एक घटिका २४ मिनिटांची. नोकरी आणि संसार सांभाळून तुम्ही या पुस्तिकेसाठी एखादी घटिका काढता, तेव्हा तीही कशातून तरी मोडूनच आणलेली असते.