पिची रिची खिंडीतला दगड

दक्षिण ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड शहरापासून उत्तरेला सुमारे ३०० किलोमीटरवर फ्लिंडर्स डोंगररांग आहे. तेथे पोर्ट ऑगस्टा बंदर आणि क्वॉर्न हे लहानसे गाव यांच्यामध्ये पिची रिची नावाची खिंड लागते. १८७९ साली या खिंडीतून रेल्वे सुरू झाली. पुढे मुख्य वाहतूक दुसऱ्या मार्गाने जाऊ लागली. परंतु स्वयंसेवकांनी जुना मार्ग जपला आणि आजही त्यावर वाफेचे इंजिन धावते. प्रवासी येतात ते या गाडीसाठी. आम्ही मात्र वाचकांना तेथल्या तांबूस दगडाकडे नेणार आहोत.

हा दगड म्हणजे सुमारे ६३ कोटी वर्षांपूर्वी साचून घट्ट झालेला गाळ. तेव्हा पृथ्वीवर मोठे हिमयुग होते. वहीची पाने एकावर एक ठेवावीत तसे त्यात पातळ थर आहेत. काही थर जाड, पुढचे बारीक, मग पुन्हा जाड. साधारण दर बारा थरांनी ही चढउतार परत येते.

भूशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी १९८१ मध्ये याचा अर्थ मांडला. त्यांच्या मते येथे हिमनदीजवळचे तळे होते. उन्हाळ्यात बर्फ वितळून गाळ येई, हिवाळ्यात तळे गोठे. म्हणजे एक थर हे एक वर्ष. सूर्यावरील डाग साधारण ११ वर्षांनी वाढतात व कमी होतात, हे जर्मनीतील औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे यांच्या अनेक वर्षांच्या नोंदींतून १८४३-४४ च्या सुमारास पुढे आले होते. तेच चक्र या दगडात उमटले आहे, असे विल्यम्स यांना वाटले. सूर्य जितका तेजस्वी, तितके बर्फ जास्त वितळणार आणि थर जाड होणार. हा शोध जगभर गाजला. १९८६ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातही त्यांचा लेख आला.

परंतु एक अडचण होती. या चक्रात सूर्याचे तेज हजारात जेमतेम एका भागाने बदलते. एवढ्याशा फरकाची इतकी ठळक खूण गाळात कशी पडावी? विल्यम्स यांनी शोध थांबवला नाही. खडकात भोके पाडून आतले नमुने काढले, थर मोजले. अ‍ॅडलेडच्या दक्षिणेकडील तशाच खडकाशी ते ताडून पाहिले. तेव्हा वेगळेच उत्तर पुढे आले. ते तळे नव्हते, तो समुद्र होता. आणि थर वर्षाचा नव्हता, भरतीचा होता.

आपल्या कोळीवाड्यांत उधाण आणि भांग हे शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. उधाणात पाणी जोरात, म्हणून थर जाड; भांगात थर बारीक, कधी पडतच नाही. म्हणूनच पंधरवड्याचे थर बाराच्या आसपास भरले. सूर्याचे मानलेले चक्र प्रत्यक्षात मुख्यतः चंद्राचे निघाले.

१९८८-८९ मध्ये हा नवा अर्थ प्रसिद्ध झाला. तो मांडणाऱ्यांत स्वतः विल्यम्स होते. ज्या शोधाने त्यांचे नाव झाले, तोच त्यांनी मागे घेतला.

त्यातून आणखी मोलाची माहिती मिळाली. या थरांवरून त्यांनी हिशेब मांडला की त्या काळी वर्षात सुमारे ४०० दिवस होते आणि दिवस सुमारे २२ तासांचा होता. भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचे फिरणे मंदावत गेले. चंद्रही आज दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकत आहे.

शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही हकिकत जरूर सांगावी. मोठ्या मासिकात छापून आले, जगाने मान डोलावली, तरी दगड पुन्हा मोजावा लागतो. आणि मोजणी उलटी आली तर ते आपणच पुढे होऊन सांगावे, एवढे मनाचे बळ अंगी असावे.