रांगोळीचा बर्फ

दोस्तांनो, सातारा-सांगलीत बर्फ पाहायचा तर कुठं? गोळेवाल्याच्या गाडीवर, असंच म्हणाल ना! पण उघड्यावर आपोआप तयार होणारा बर्फही आपल्याकडे आहे, अगदी चिमूटभर. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी भल्या पहाटे जा. दवबिंदू गोठून गवताची पाती, स्ट्रॉबेरीची पानं आणि उभ्या गाड्यांचे टप पांढरे झालेले दिसतील. नीट बघा हं! पांढरं झालंय ते वरच्या बाजूला. पानाखाली फारसं काही नाही. आणि ऊन आलं की सगळं गायब! हे ध्यानात ठेवा, कारण आज आपल्याला बर्फातल्या रणगाड्याचं मॉडेल करायचंय.

रणगाडा पांढरा कशाला? दुसऱ्या महायुद्धात, १९४१-४२च्या हिवाळ्यात, रशियाच्या बर्फाळ मैदानांवर हिरवा रणगाडा लांबूनच नजरेत भरायचा. म्हणून सैनिकांनी हिरव्या रंगावरच चुन्याचा पांढरा हात मारला. दिवाळीआधी भिंतींना देतात तसाच! हिवाळा सरला की तो धुऊन टाकायचा.

बर्फातल्या रणगाड्यांची एक गोष्ट आपल्या सैन्याचीही आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी काश्मीरमधल्या झोजी ला खिंडीत, सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढले. मेजर जनरल थिमय्या स्वतः आघाडीवर होते. वाटेतले पूल कच्चे, म्हणून रणगाड्यांचे वरचे घुमट उतरवून, अगदी गुपचूप त्यांना आणलं होतं. इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे शत्रूच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणजे कुणी चुन्यानं लपलं, तर कुणी गुप्ततेनं!

आता अजिंक्यताऱ्यावर चला. वरून सातारा शहर बघा. एसटी काड्यापेटीएवढी, माणूस मुंगीएवढा. पण गंमत अशी, की शेजारी उभे असले तर दोघंही एकाच मापानं लहान झालेले दिसतात. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यात मात्र मावळा दरवाजाहून उंच आणि वाघ बुरुजाएवढा! तिथं ते शोभतंही. मॉडेलमध्ये नाही चालत. तिथं सगळ्याला एकच माप. आपण १:३५ घेऊ. म्हणजे खरे ३५ सेंटीमीटर तो आपला १ सेंटीमीटर. रशियाचा टी-३४ रणगाडा तोफेसकट सुमारे पावणेसात मीटर लांब, तर आपला होईल साधारण १९ सेंटीमीटर. जपानच्या तामिया कंपनीचे प्लॅस्टिकचे संच या मापात असतात. महाग वाटले तर बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा आहेच की!

रणगाडा जोडून झाला की हिरवा ऑइल पेंट द्या आणि दोन दिवस हात लावू नका. मग पांढरा पोस्टर कलर पातळ करून ब्रशनं फासा. एकसारखा झाला नाही तर उत्तमच, खराही घाईत दिलेला असायचा. वाळला की ओल्या कापसानं हलकेच पुसा. कुठं? तर कडांवर आणि सैनिक जिथं पाय ठेवून चढतात तिथं. खालचा हिरवा डोकावला पाहिजे.

आता जमीन. कृष्णामाई महाबळेश्वराहून निघते, माहुलीला वेण्णेला आणि कराडला कोयनेला भेटते, आणि सांगलीच्या घाटावर मऊ, बारीक गाळ आणून टाकते. पाणी ओसरल्यावर, घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन, ओंजळभर गाळ आणा. त्यात फेव्हिकॉल कालवून प्लायवूडच्या तुकड्यावर उंचसखल थापा आणि सावलीत वाळू द्या.

आणि बर्फ? तो देवघरासमोरच्या डब्यात आहे. पांढरी रांगोळी! पण आधी वस्त्रगाळ करा. १ मिलिमीटरचा खडा म्हणजे आपल्या मापात साडेतीन सेंटीमीटरचा दगड! रांगोळी, पांढरा रंग, फेव्हिकॉल आणि थोडं पाणी इडलीच्या पिठाइतकं दाट कालवून मातीवर पसरा. ओलं असतानाच रणगाडा ठेवून हळूच दाबत पुढं सरकवा, साखळपट्ट्यांचे चर उमटतील. चरांत थोडा मातकट रंग द्या, कारण रणगाडा बर्फाबरोबर चिखलही उकरतो. शेवटी चहाच्या गाळणीतून कोरडी रांगोळी भुरभुरवा. वेण्णाकाठचं आठवा बरं! सपाट भागावर ती जास्त हवी, उभ्या बाजूंवर कमी. मागे इंजिनावर तर जवळजवळ नाहीच. तिथं ऊब असते, बर्फ वितळतो. चुना मात्र वापरू नका, डोळ्यांना नि हातांना तो घातक.

एवढी बारीक काळजी कशासाठी, असं विचाराल. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनला हिमकडा कोसळून दहा जवान गेले, त्यांतला एक माण तालुक्यातला होता. माण म्हणजे पाण्यासाठी आभाळाकडं बघणारा मुलूख. तिथला मुलगा बर्फाच्या डोंगरावर उभा राहिला होता. आपल्याला बर्फ म्हणजे गंमत, त्यांना तो रोजचा पहारा.

तेव्हा मॉडेल पुरं झालं, की रजेवर आलेल्या एखाद्या फौजी काकांना दाखवा. विचारा, ‘काका, बर्फ असाच साचतो का हो?’ ते सांगतील ते कान देऊन ऐका. त्यांनी एखादी चूक दाखवली तर वाईट वाटून घेऊ नका. रांगोळीचा डबा घरातच आहे, गाळणीही आहे. लागा पुन्हा कामाला!