नेमगिरीचा शरद

आश्विन लागला की परभणी जिल्ह्यातील पेढ्यांना उसंत राहत नाही. सोयाबीनची पोती आडतीवर येऊन पडलेली असतात, मानवत आणि सेलूच्या बाजारांत नव्या कापसाची वाट पाहिली जाते, आणि दसरा-दिवाळीचे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभे असते. नेमक्या याच दिवसांत, २ ते ८ ऑक्टोबर या काळात, देशातील प्राणिसंग्रहालयांत वन्यजीव सप्ताह साजरा होतो. व्याख्याने होतात, मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात, शाळांच्या रांगा पिंजऱ्यांपुढून सरकतात. व्यापारी घरातील मुले या सोहळ्याला गेली तर शाळेबरोबरच जातात. वडिलांना हंगामात दुकान सोडवत नाही. परभणीकरांना त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानापर्यंत जावे लागते, आणि जाऊन-येऊन सबंध दिवस मोडतो.

मात्र एखादा रविवार मोकळा मिळालाच, तर वनस्पती, प्राणी आणि पाणी ही तिन्ही जिल्ह्यातच एका दिवसाच्या वाटेवर भेटतात.

पहिला मुक्काम परभणीतील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा शरदातील मोठा दिवस म्हणजे १७ सप्टेंबर. १९४८ साली याच तारखेला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्या निमित्ताने येथे रबी पीक मेळावा भरतो आणि शेतकरी ज्वारी, हरभरा, करडईचे बियाणे घेण्यासाठी गावोगावहून येतात. मेळावा शेतकऱ्यांचा असला तरी आडत्याच्या मुलानेही तो एकदा पाहावा. ज्या धान्याचे भाव तो जन्मभर सांगणार, त्याचे बी कसे निवडले जाते हे त्याला क्वचितच ठाऊक असते. घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा वाणही याच विद्यापीठाचा. पाने पिवळी पाडून पीक बुडविणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी तो तयार झाला.

तेथून झरी, बोरीमार्गे जिंतूरचा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटू लागलेली कापसाची बोंडे आणि बांधावर पिवळाजर्द तरवड. आपटाही याच दिवसांत दिसतो, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या फांद्या निर्दयपणे ओरबाडल्या जातात. एकेंद्रिय जीवांचा विचार करणाऱ्या समाजाने तरी सोन्याची पाने मोजकीच तोडावीत. (पुष्कळदा बाजारात आपटा म्हणून कांचनाचीच पाने विकली जातात, ही गोष्ट वेगळी.)

जिंतूरचे जुने नाव जैनपूर होते असे परंपरा सांगते. गावापासून थोड्याच अंतरावर नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या आहेत. पावसाळ्याचा हिरवा रंग अजून पुरता उतरलेला नसतो. झुडपांत सीताफळे डोळे उघडू लागलेली असतात. गुंफांची दारे इतकी बुटकी की धिप्पाड माणसालाही वाकून, अंग चोरून आत शिरावे लागते. आणि आत पाहावे तर मूर्ती भव्य. एवढ्याशा दारातून त्या आत आल्या कशा, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील मुले विचारतात. अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती लहानशा दगडावर तोललेली आहे. तेथे भाविकांची गर्दी अधिक असते, पण शरदातील या फेरीत थांबायचे ते भगवान नेमिनाथांपुढे.

नेमिकुमारांची कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. वरात राजुलच्या दारी निघाली होती. वाटेत वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी आला. हे कशासाठी कोंडले आहेत, असे त्यांनी सारथ्याला विचारले. लग्नाच्या भोजनासाठी, हे उत्तर ऐकताच रथ मागे फिरला आणि गिरनारकडे गेला. ही कथा ऐकून वाढलेले मूल जेव्हा वन्यजीव सप्ताहात पिंजऱ्यातील वाघापुढे उभे राहते, तेव्हा त्याच्या मनात नेमिकुमारांचाच प्रश्न उमटणे साहजिक आहे. अनेक आई-वडील त्या प्रश्नाला बगल देतात. ते योग्य नव्हे.

उत्तर सरळही नाही. सर्कशीत वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ करण्यास भारत सरकारने १९९८ मध्ये बंदी घातली. सोडविलेल्या जनावरांना शिकार येत नव्हती, रान ठाऊक नव्हते. त्यांना कोणी तरी कुंपणात सांभाळणे भागच होते. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली ती मुळात वनस्पतींचे उद्यान म्हणून. प्राणी तेथे पुढे आले, आणि आले ते माणसाच्या करमणुकीसाठी. दोन्ही ठिकाणी गज सारखेच दिसतात. फरक गज कोणाच्या सोयीसाठी लावले, यात आहे.

व्यापारी समाजाने या प्रश्नाचे आपल्या परीने उत्तर पूर्वीच दिले आहे. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकमावरून मुंबईत १८३२ मध्ये दंगल झाली, आणि दोनच वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील व्यापारी यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभी केली. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांच्या रुग्णालयात बरा झालेला पक्षी मालकाला परत न देता आकाशात सोडला जातो. घार, ससाणा असे मांसाहारी पक्षी तेथे मुक्कामाला ठेवत नाहीत, उपचार करून पाठवितात. हा नियम काहींना पटणार नाही, पण अडचणीतून काढलेली ती प्रामाणिक वाट आहे.

पांजरपोळीला देणगी देणाऱ्या अनेक पेढ्यांवर गल्ल्याशेजारी काचेची पेटी असते आणि तिच्यात बरकतीसाठी चार सोनेरी मासे फिरत असतात. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथे निदान समुद्राची ओळख व्हावी हा हेतू होता. दुकानातील पेटीत तो नाही. ही पेटी ठेवणाऱ्याला नेमिनाथांच्या कथेतील वाडा आठवत नाही, याचे नवल वाटते. पश्चात्ताप होऊन ते मासे विहिरीत किंवा तलावात सोडणेही बरे नाही. परदेशी जात वाढली तर तेथील मूळच्या माशांवर संकट येते. आहेत ते नीट सांभाळावेत, नवे आणू नयेत.

जिंतूरहून पुढे पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. पाऊस चांगला झालेल्या वर्षी आश्विनात जलाशय काठोकाठ असतो. मोकळ्या पाण्यातील मासा येथे वर उसळी मारून दिसेनासा होतो, बगळे काठावर तिष्ठत उभे असतात. दूरवर जाळी टाकलेल्या होड्याही दिसतात. त्या दृष्टीआड करता येत नाहीत. काठच्या भोई कुटुंबांची चूल त्यांच्यावर पेटते. मुले विचारतील, आणि नेमगिरीवरून नुकतेच उतरलेल्या वडिलांना काही तरी सांगावे लागेल.

शरदातला दिवस लवकर मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे असल्याने चारच्या पुढे येलदरीवर रेंगाळता येत नाही. डबे जिंतूरलाच उघडावे लागतात. सोमवारी पहाटे कापसाच्या गाड्या बाजारात उभ्या असतात.